दहा वाजताचा ठिपका

१५ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून तीन गोष्टी. एक, चिडायचं नाही. दोन, चहाबरोबर एकच बिस्कीट. तीन, ‘रीटचिंग: एका हाताची चाळीस वर्षं’ हे पुस्तक लिहायला घ्यायचं. नाव ठरलंय, म्हणजे निम्मं काम झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चिडलो. चार बिस्किटं.

मॉरीन स्टुडिओत एक सॉफ्टवेअर आणतेय. फोटोतले चेहरे आपोआप साफ करणारं. मला विचारलं नाही, सांगितलं. स्टुडिओ तिचा, मान्य. पण तिच्या वडिलांनी माझ्या एकोणिसाव्या वर्षी माझ्या हातात निगेटिव्हवर चालवायची पेन्सिल देऊन मला स्टुलावर बसवलं, तेव्हा ही बाई दोन वेण्या घालून शाळेत जात होती. म्हणाली, नेव्ह, जरा बस. ती ‘जरा बस’ म्हणाली की समजावं. मग म्हणाली, डेबचा सीझन आला की एकेका क्लबच्या पोरींचे फोटो करायला तुला तीन तीन दिवस लागतात, हे चार मिनिटांत करतं. मी म्हणालो, चार मिनिटांत अंडं होतं, चेहरा होत नाही. चांगलं वाक्य आहे. पुस्तकात घेणार.

आणि तीन दिवस का लागतात? डेब म्हणजे पोरी मोठ्या झाल्या म्हणून त्यांना मिरवायचा नाचाचा सोहळा. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी, पांढरे झगे, कोपरापर्यंत हातमोजे. फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये अख्ख्या गावासमोर गुडघा मोडून वाकायचं ते एका रात्रीपुरतं. फोटो मात्र आईबापाच्या भिंतीवर जन्मभर. आमच्या कोलॅक गावातल्या कुठल्याही घरात जा, टीव्हीच्या वर माझंच काम टांगलेलं असतं. आमच्याही घरी आहे. ग्लेंडाचा, १९८४ चा. माझं पहिलं काम. बायकोची ओळख त्याच फोटोमुळे झाली. इतका निर्दोष चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

त्या सॉफ्टवेअरचं नाव मी या वहीत लिहिणार नाही. त्याला उपटसुंभ म्हणणार.

१७ एप्रिल
मेलबर्नहून कंपनीच्या माणसाचा फोन. ब्रेंडन. आवाजावरून पंचविशीचा. मला दर वाक्याला ‘मित्रा’ म्हणत होता. मी कोणाचा मित्र नाही. म्हणाला, तुमच्या कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो जोडीजोडीने मिळाले तर बरं होईल. मी विचारलं, किती? म्हणाला, जितके असतील तितके.

मनातून हसलो. बिचाऱ्यांनी खरं काम बघितलेलंच नसणार. सगळीच्या सगळी डिस्क पाठवली. अकरा हजार जोड्या. वर चिठ्ठी चिकटवली, ‘बघा आणि शिका’.

आता लाजेनेच गुंडाळतील गाशा. बिस्किटं दोन. आनंदाची मोजायची नसतात.

६ मे, सोमवार
शी. शी. शी.

उपटसुंभाचं पहिलं काम आलं. मॉरीनने गेल्या वर्षीच्या एका क्लबचे कच्चे फोटो त्याला दिले होते. बारा पोरी. चार मिनिटं. प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि दारात उभी राहिली माझं तोंड बघत.

बारा पोरी आणि सगळ्यांना एकच तोंड! मान बदकासारखी ओढलेली. गाल स्कोन-पावासारखे फुगवून वरून लोणी फासल्यागत गुळगुळीत. हनुवटी टोकदार. दात एका ओळीत, एका मापाचे. नाकं तर सगळ्यांची एकाच दुकानातून आणलेली. आणि ओठाचा डावा कोपरा किंचित वर, प्रत्येकीचा. कोणाच्या डोक्यातून आलं हे? ज्याने या यंत्राला सौंदर्य म्हणजे काय ते शिकवलं तो माणूस एकदा मला बघायचाय.

एक गोष्ट मात्र न्यायाने लिहितो. डोळ्यातला ठिपका. कुठल्याही रीटचरची एक खूण असते. माझी खूण म्हणजे बुबुळात वर डावीकडे, घड्याळात दहा वाजतात त्या जागी, एक पांढरा ठिपका. त्याने डोळा जिवंत होतो. उपटसुंभानेही ठिपका बरोबर दहावरच दिलाय. म्हणजे विज्ञानालासुद्धा शेवटी तीच जागा सापडली. मॉरीनला हे दाखवलं. ती म्हणाली, हो का. मग म्हणाली, नेव्ह, तुला यात दुसरं काहीच दिसत नाही? म्हटलं, किळस दिसते. ती खोकली आणि गेली.

७ मे
प्रिंट घरी आणल्या, ग्लेंडाला दाखवायला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसाला शंभर तोंडं बघते. तिचं मत सामान्य माणसाचं म्हणून उपयोगी. तिने चष्मा लावला. एक प्रिंट बघितली, दुसरी बघितली. मग टीव्हीच्या वर बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाली, तुला खरंच काही दिसत नाही का रे? आता हीसुद्धा! मी म्हटलं, बाई, दिसण्याचंच काम करतो मी. ती म्हणाली, मला तर ओळखीची वाटते ही. म्हटलं, स्वस्त माल ओळखीचाच वाटतो.

ती बटाटे सोलायला गेली. जरा जोरजोरात सोलत होती असं वाटलं. गुडघा दुखत असेल.

२० मे
मॉरीनने बॉम्ब टाकला. आमच्या क्लबचा डेब वीस जुलैला. चौदा पोरी. त्यांचे फोटो मीही करायचे आणि उपटसुंभानेही. अकरा जुलैला क्लबमध्ये नमुने बघायची संध्याकाळ असते, त्या दिवशी दोन टेबलांवर दोन्ही मांडायचे. कुठलं कोणाचं ते कोणालाच सांगायचं नाही. पोरी आणि आयांनी मिळून निवडायचं, एका पोरीमागे एक मत. यंत्र जिंकलं तर ऑगस्टपासून मी आठवड्यातून एक दिवस. बुधवार.

मी म्हटलं, आणि मी जिंकलो तर? म्हणाली, तर तुझी खुर्ची तुझी, सॉफ्टवेअर परत. म्हटलं, लिहून दे. तिने पिवळ्या चिटोऱ्यावर लिहून दिलं.

हा निकाल आत्ताच लागलाय. फक्त जुलै उजाडायचा बाकी आहे. बिस्किटं पाच, पण छोटी होती.

११ जून
मॉरीनचे चौदा पोरींचे फोटो काढून झाले. कामाला लागलो. चौदातल्या टॅश नावाच्या पोरीला तोंडभर ठिपके आहेत, उन्हाचे, आणि नाक आजोबांकडून आलेलं दिसतं. फोटो काढून झाल्यावर माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, अहो, माझे ठिपके राहू द्या हं. म्हटलं, बाळ, चाळीस वर्षांनी आभार मानशील. म्हणाली, चाळीस वर्षांनी माझं मी बघेन की.

आजकालच्या पोरी. ठिपके काढले. नाकही थोडं आत घेतलं. थोडंच.

२३ जून
पुस्तकाचं पहिलं प्रकरण सुरू. ‘प्रकरण पहिलं’ असं लिहिलं. मग पेन्सिल तासली. तीन पेन्सिली तासल्या. इथला जून म्हणजे ऐन हिवाळा, थंडी फार आहे, हात चालत नाहीत.

२८ जून
किळस वाढत चालली आहे. मॉरीनने त्या तोंडाची एक मोठी प्रिंट स्टुडिओच्या काचेत लावली आहे. रोज सकाळी दार उघडताना ते तोंड ओठ वाकडा करून माझ्याकडे बघतं. गावाला सावध करणं माझं कर्तव्य आहे. आमच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं. तीन मसुदे झाले. ग्लेंडाला वाचून दाखवलं नाही, छापून आल्यावर खूश होईल.

५ जुलै, शुक्रवार
छापून आलं! सबंध! नाव, गाव, सगळं. सर्वात चांगला भाग इथे उतरवून ठेवतो:

‘स्टुडिओच्या काचेतलं ते तोंड आपण सर्वांनी पाहिलं असेल. ती बदकाची मान, ते फुगीर गाल, बटाटे सोलायच्या सुरीसारखी ती हनुवटी. आणि ओठाचा एक कोपरा असा वर, जणू आपला नवरा मूर्ख आहे हे बाईला पक्कं ठाऊक आहे. असं तोंड या जिल्ह्यात आजवर जन्माला आलेलं नाही आणि देवाच्या कृपेने येऊ नये. हे एका यंत्राचं, म्हणजेच अभिरुची नसलेल्या डोक्याचं काम आहे. नेव्हिल पॅस्को, रीटचर.’

बेकरीत तिघांनी पाठ थोपटली. ग्लेंडाने कात्रण कापून फ्रिजवर चुंबकाने लावलं. काही बोलली नाही. अभिमानाने माणसाला बोलवत नाही, मला माहीत आहे.

१२ जुलै, शुक्रवार. सकाळी ६
कालचं लिहायचं नव्हतं. पण स्वतःशी प्रामाणिक राहायचं असा नियम आहे, म्हणून जेवढं जमेल तेवढं.

क्लबच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाला जमले सगळे. चौदा पोरी, आया, काही बाप, झग्यांचं शिवण बघायला आलेल्या आज्या. चहाच्या बंबाशी ग्लेंडा, दरवर्षीसारखी. एका टेबलावर लाल कागद, दुसऱ्यावर निळा. कुठलं कोणाचं ते मॉरीनने मलाही सांगितलं नाही. मला सांगायची गरज काय? माझा हात मी हॉलच्या पलीकडून ओळखतो.

निळं. बघताक्षणी कळलं. मी निळ्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येक आईला समजावून सांगितलं. बघा, ही मान, केवढी डौलदार. हा गालावरचा उजेड. याला माणूस लागतो. आणि लाल टेबलाकडे बोट करून म्हणालो, ते बघा, तीच बदकाची मान! तोच लोणी फासलेला गाल! एक बाप म्हणाला, मला दोन्ही सारखेच दिसतात. म्हटलं, तुम्ही गाईम्हशींचे डॉक्टर आहात, तुमचा दोष नाही.

मतं मोजली. निळं सात, लाल सहा. एका मताने का होईना, जिंकलो! मी पिवळं चिटोरं खिशातून काढलं. मॉरीन जवळ आली, दंडाला हात लावून हळूच म्हणाली, नेव्ह, निळं यंत्राचं आहे.

मी म्हटलं, चूक होतेय तुझी. तिने निळी प्रिंट उलटवून मागचा शिक्का दाखवला. लाल उलटवली. तिच्यामागे माझी सही.

म्हणजे संध्याकाळभर मी माझ्याच कामावर थुंकत होतो. मॉरीन म्हणाली, तुझ्याच अकरा हजार जोड्यांवरून शिकलंय रे ते, दुसरं कोणी शिकवणार होतं त्याला? तूच पाठवल्यास ना? मला वाटलं, तुला एव्हाना कळलं असेल. कळलं असेल! मी काही ज्योतिषी आहे?

इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण चौदावं मत राहिलं होतं. टॅशचं. तिने दोन्ही प्रिंट हातात धरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, मला दोन्ही नकोत. मी कुठेय यात? ही कोण मावशी आहे?

मग बाकीच्या पोरी आपापल्या प्रिंट घेऊन एकमेकींशेजारी लावायला लागल्या. अय्या, ती माझ्यातपण आहे. माझ्यातपण. खिदळायला लागल्या.

मिसेस हेफर्नन तिथेच होत्या. डल्सी हेफर्नन, वय एक्क्याऐंशी. गावातल्या प्रत्येक डेबला वाकायला आणि नाचायला त्यांनीच शिकवलंय. म्हणाल्या, आणा गं इकडे. पर्समधून दुसरा चष्मा काढला. एक प्रिंट लांब धरली, जवळ धरली. म्हणाल्या, अगं, ही तर आपली ग्लेंडा. चौऱ्याऐंशीच्या बॅचची. पॅस्कोंच्या घरी टीव्हीच्या वर असते बघा, अगदी तीच. नेव्हिल, मेल्या, इतकी वर्षं तू सगळ्या पोरींना तुझी बायको करून ठेवलीस की काय!

सगळा हॉल चहाच्या बंबाकडे वळला. ग्लेंडाच्या हातात किटली होती. कोणीतरी हसलं, आणि मग मला दिसलं की ते साप्ताहिकातलं पत्र सगळ्यांना एकदमच आठवलंय. हसणं बंद झालं. ते जास्त वाईट होतं.

ग्लेंडा म्हणाली, चहा अजून कोणाला हवाय?

१३ जुलै
शांतपणे विचार केला. मुद्दे:

पत्र यंत्राबद्दल होतं, बायकोबद्दल नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या कोणाचाही अपमान झालेला नाही.

उलट, चाळीस वर्षं एका माणसाला प्रत्येक चेहऱ्यात बायकोच दिसत असेल तर याला प्रेम म्हणतात. जगात किती नवरे असं करतात?

हे सगळं ग्लेंडाला नीट समजावलं. ती म्हणाली, टोस्ट जळतोय. दिवसभरात तेवढंच बोलली.

कात्रण अजून फ्रिजवर आहे. दूध काढताना दर वेळी वाचावं लागतं. आता कळलं की ते अभिमानाने लावलेलं नव्हतं.

१४ जुलै, रविवार
बोलली. न बोलती तर बरं झालं असतं.

मी पत्राची माफी मागायला गेलो. म्हटलं, ग्लेंडा, तुझ्या तोंडाला मी नावं ठेवली, चुकलो. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, पत्राचं मला काही वाटलं नाही रे. उलट बरं वाटलं. चाळीस वर्षांत त्या बाईबद्दल पहिल्यांदा खरं बोललास.

म्हटलं, कोण बाई? म्हणाली, टीव्हीच्या वरची. ती मी नाही, नेव्ह. कधीच नव्हते. ती मान तू ओढलेली आहेस. हनुवटी तू तासलीस. माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती, आहे, इकडे बघ, ही बघ. तो फोटो आणायला आई माझ्याबरोबर आली होती. काउंटरवर पाकीट उघडलं आणि म्हणाली, हा दुसऱ्या कोणाचा तरी आलाय. तू मागे उभा होतास, कान लाल करून. मला वाटलं, पोराला आपण अशा दिसतो तर दिसू दे. सतरा वर्षांची होते मी. मग लग्न झालं. मला वाटलं, रोज बघेल तेव्हा कळेल याला. त्या बाईवरची धूळ मी चाळीस वर्षं पुसतेय, आणि तू एकदाही विचारलं नाहीस की दातातली फट गेली कुठे.

मी म्हटलं, मी सुधारलं होतं फक्त. ती म्हणाली, माहीत आहे मला. आणि चिमटा लावला.

आत जाऊन तिने फोटो भिंतीवरून उतरवला आणि वॉशिंग मशीनच्या मागे ठेवला, तोंड भिंतीकडे करून. टीव्हीच्या वर आता फिकट चौकोन आहे. बाकी भिंत एवढी मळली असेल असं वाटलं नव्हतं.

बिस्किटं मोजली नाहीत.

१६ जुलै
मॉरीनने चिटोरं परत मागितलं. ऑगस्टपासून बुधवार. फाटलेले, भिजलेले, उंदरांनी खाल्लेले जुने फोटो जोडायचे. ते यंत्राला नीट जमत नाही म्हणे. मी रागावलो नाही, ताकदच नव्हती. टॅशचा फोटो तिने जसा काढला होता तसाच छापला, ठिपके, नाक, सगळं. ते बघून आणखी पाच पोरींनी आपलेही तसेच मागितलेत. म्हणजे निकाल खरा धरला तर यंत्रही हरलंच. हे मी मॉरीनला सांगितलं. ती म्हणाली, हो नेव्ह.

जाताना तिच्याकडे पोटमाळ्याची किल्ली मागितली. तिच्या वडिलांनी सगळ्या निगेटिव्ह जपून ठेवल्यात, सालवार. १९८४ चं खोकं खालून दुसरं होतं. पाकिटात दोन निगेटिव्ह निघाल्या. एकीवर माझी पेन्सिल आणि सुरीचे ओरखडे. दुसरी त्याच बैठकीतली, कोणीही हात न लावलेली.

१८ जुलै
दुसरी स्कॅन केली. अर्धा तास नुसता बघत बसलो.

मान बेताची. एक कान केसांतून बाहेर. उजवा डोळा डाव्याहून बारीक. दातांत फट, आणि ती दाखवतच हसतेय. माझ्या कामात यातलं काहीही नाही. मी आधी पेन्सिल चालवली आणि मग लग्न केलं, मधे बघायचं राहून गेलं.

ओठाचा डावा कोपरा मात्र वर आहे. तेवढी एकच गोष्ट तिची होती. चाळीस वर्षं मी ती तशीच्या तशी प्रत्येक पोरीला देत आलो. आणि पत्रात नेमकी तीच घेतली चेष्टेला.

उद्या प्रिंट काढणार. काहीही करायचं नाही. जसा आहे तसा. निश्चय.

२० जुलै, शनिवार. दुपारी ३
आज डेब. गावातल्या सगळ्या हेअर पार्लरांपुढे रांगा.

फोटो फ्रेम करून आणला आणि फिकट चौकोनावर टांगला. बरोबर बसला. ग्लेंडाला हाक मारली. म्हटलं, बघ. काहीही केलेलं नाही.

आणि खरोखरच केलेलं नाही. मान तशीच. कान तसाच. फट तशीच. फक्त डोळा जरा मेलेला वाटत होता, जुनी निगेटिव्ह, तेव्हाचे दिवे वाईट, म्हणून एक ठिपका. एकच. दहा वाजताचा. त्याला रीटचिंग म्हणत नाहीत, कोणालाही विचारा.

ती हात पुसत आली. कान बघून हसली. मग डोळे भरले, तिचेही आणि थोडे माझेही, आणि मी मनात म्हटलं, नेव्हिल, जमलं. मग ती पुढे झाली. चष्मा लावला. अगदी काचेला नाक लागेपर्यंत जवळ गेली.

म्हणाली, ठिपका काढ.

दुपारी ४.४०
काढला.